आधी नावे, मग छप्पर

मी पंचेचाळिशी ओलांडली आहे आणि गेली काही वर्षे एका शाळेचा मुख्याध्यापक आहे. इमारतीच्या दुरुस्तीचा विषय निघाला की सहकारी माझ्याकडे बघतात. ‘सरांनी पनवेलला शाळेचा जीर्णोद्धार केला होता,’ असे कोणीतरी कौतुकाने सांगतो. मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो. त्या जीर्णोद्धाराबद्दल मला आज जे वाटते ते त्यांच्यासमोर बोलण्याची माझी हिंमत होत नाही, म्हणून ते लिहून काढतो आहे. यात गावातल्या मोठ्या माणसांबद्दल बरेच कडवट लिहिले जाईल. पण त्यांच्याइतकाच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, मी स्वतःच्या चिटणीसपणाचा तिटकारा करतो, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

मी पनवेलच्या मराठी शाळेत शिक्षक म्हणून लागलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षे झाली होती. गाव तेव्हा भाताच्या गिरण्यांचे, मिठाच्या गाड्यांचे आणि सुक्या मासळीच्या वासाचे होते. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एस.टी. गाड्या इथे थांबत, उतारू चहा पीत आणि पुढे जात. शाळा त्या रस्त्याला लागूनच होती. इमारत इंग्रजांच्या काळातली, भिंती विटा-चुन्याच्या, तुळया सागाच्या, वर कौले. रस्त्याकडची भिंत चांगली लांब होती. सगळ्या तुळयांची एका बाजूची टोके याच भिंतीत बसवलेली होती. या भिंतीला धरून असलेल्या खोल्यांपैकी शेवटची खोली मुलींच्या सातवीची.

मुलींची सातवी ही त्या शाळेतली नवी गोष्ट होती आणि ती एकट्या बाईंनी उभी केली होती. बाई म्हणजे शाळेतल्या एकुलत्या एक शिक्षिका. विधवा होत्या, चाळिशीच्या आतबाहेर, एका खोलीत भाड्याने राहत. सुट्टीच्या दिवशी त्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर चालत जाऊन मुलींच्या आईबापांशी भांडत. मुलगी सातवीची फायनल, म्हणजे सरकारी परीक्षा, पास झाली की तिला ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळे आणि पुढे नोकरी. हे त्या इतक्यांदा सांगत की गावातल्या बायका त्यांची नक्कल करीत. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांच्या मुली फायनलला बसणार होत्या. पाच-सहाच होत्या. त्यात खाडीकडच्या एका गावातली, मिठागरावर राबणाऱ्या माणसाची मुलगी सगळ्यांत हुशार. बांधाबांधाने चालत शाळेला येई, पायांना मिठाचा चिखल वाळलेला असे. बाई तिच्याकडे बोट दाखवून आम्हाला म्हणत, “माझ्यानंतर या खुर्चीवर ही बसणार. तुम्ही बघालच.”

गणपती झाल्यावर एका रविवारी त्या खोलीच्या छताची एक फळी चार-पाच कौलांसकट मागच्या बाकांवर कोसळली. खोली रिकामी होती. सोमवारपासून मुली दाराजवळ दाटीवाटीने बसू लागल्या आणि बाईंनी मुख्याध्यापकांच्या टेबलाशी ठाण मांडले. अखेर बांधकाम खात्याचे ओव्हरसियर आले. त्यांनी बाकावर चढून छत्रीचे टोक तुळईत खुपसले. पिकल्या केळ्यात जावे तसे ते आत गेले. वाळवी.

खाली उतरून कोट झटकत ते सर्वांसमोर म्हणाले, “या खोलीच्या दोन्ही तुळया बदला. आधी छप्पर, मग बाकी सगळं. आणि त्या रस्त्याकडच्या भिंतीला हात लावू नका. सगळा भार तिच्यावर आहे.” मग त्यांनी सरकारी अनुदानाचा नियम समजावला. अर्धा खर्च सरकार देणार, पण गावाने आपली अर्धी वर्गणी आधी जमवून खर्च करायची. काम दिसले की ते येऊन दाखला देणार आणि मग उरलेले अर्धे मिळणार.

हे सगळे आम्ही दहा-बारा जणांनी ऐकले. कोणाच्याही कानात दोष नव्हता.

मग समिती स्थापन झाली. अध्यक्ष भाताच्या गिरणीचे मालक. उपाध्यक्ष गावातले एक वकील. त्यांना बोलायला विषय लागत नसे, श्रोते लागत. तिसरे वजनदार सभासद म्हणजे मिठागरांचे शेट, जन्माने याच खाडीकाठचे, हाताला सोन्याचे कडे, आणि बोलणे अजून गावाकडचे. बाकीचे सभासद पोहे खायला येत. चिटणीस म्हणून मला नेमले, कारण माझे अक्षर चांगले होते आणि मी कोणालाही नाही म्हणत नसे. दुसरा गुण त्यांना आधीच ठाऊक असावा.

बैठका गिरणीच्या पेढीवर होत. कोंड्याची धूळ सगळ्यांच्या भुवयांवर बसे आणि त्या अवस्थेत वकीलसाहेब राष्ट्राच्या भावी पिढीवर बोलत. पहिल्या बैठकीत ठराव झाला की दात्यांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या लावायच्या. दुसऱ्या बैठकीत लक्षात आले की पाट्यांचे ठरल्याशिवाय कोणीही वर्गणी देणार नाही. मी भाबडेपणाने सुचवले की दोन तुळयांसाठी दोन दाते मिळाले तर मुख्य काम भागेल.

“तुळईला देणगी?” अध्यक्ष हसले. “मास्तर, आणि पाटी कुठं लावणार? वर? चिमण्या वाचणार का?”

“तुळईवर नाव कोरता येईल,” मी म्हणालो.

“वाळवीच्या वाचनासाठी,” वकील म्हणाले. पेढीवर हशा पिकला. मीही हसलो. तसाच हसलो, जसे आपण वरिष्ठांच्या विनोदाला हसतो.

त्यानंतर छप्पर हा शब्द बैठकीत हळूहळू मावळला. त्याच्या जागी ‘दर्शनी भाग’ आला. रस्त्याकडची भिंत नव्याने गिलावा करून, मध्ये कमान काढून, पाट्यांनी सजवायची. एस.टी.त बसलेल्या उतारूला खिडकीतून नावे वाचता आली पाहिजेत, हा वकिलांचा आग्रह. गावाची अर्धी वर्गणी दर्शनी भागावर खर्च होईल, सरकारचे अनुदान येईल, त्यातून छप्पर. कागदावर पाहिले तर हिशेब चोख होता. आपल्याकडच्या बहुतेक मूर्खपणाच्या गोष्टी कागदावर चोखच असतात.

बाईंना हे कळले तेव्हा त्या सरळ पेढीवर आल्या. बायका तिथे येत नसत. त्या उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला.

“ओव्हरसियरसाहेब ‘आधी छप्पर’ म्हणाले होते,” त्या म्हणाल्या.

“बाई, छप्पर होणारच आहे,” वकील म्हणाले. “क्रमाचा प्रश्न आहे फक्त.”

“माझ्या मुलींची परीक्षा एप्रिलात आहे. खोली गेली तर मुली जातील. त्यांना आणायला मला तीन वर्षं लागली.”

“खोली कशाला जाईल? उलट खोलीला शोभा येणार.” अध्यक्षांनी पोह्यांची बशी त्यांच्या दिशेला सरकवली. “घ्या ना.”

बाईंनी बशीकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्या दिवशी तिथे बसलेला एकटाच शिक्षक होतो. मी कागदावर खाली बघून काहीतरी लिहिल्यासारखे केले. त्या निघून गेल्यावर मिठागरांचे शेट म्हणाले, “बाय बरी हाय, पन लय तापट.” आणि विषय पाट्यांकडे वळला.

आता पाट्यांचा मानपान. लग्नातला मानपान ज्याने पाहिला आहे त्याला मी काय सांगतो ते कळेल. फरक इतकाच की लग्नातले रुसवे पाठवणीपर्यंत संपतात आणि हे दगडात कोरले जाणार होते. अध्यक्षांची पाटी सर्वांत वर हवी, कारण ते अध्यक्ष. मिठागरांच्या शेटांनी देणगी आपल्या वारलेल्या आईच्या नावे दिली होती. ती पाटी खाली लावायचे ठरताच ते उठून उभे राहिले.

“वकीलसायब, माजी आय जिती असती तर तुमी तिला कुनाच्या पायाशी बसवली असती का? मंग तिचं नाव का म्हनून खाली?”

“खाली म्हणजे काही पायाशी नव्हे, शेट—”

“वर तुमचं, खाली माज्या आयचं. मंग हे काय हाय? आमी पाटी नाय लावत, नि पैसा बी नाय देत.”

वकीलसाहेबांनी वडिलांच्या नावे दिले होते आणि त्यांच्या मते वडील हे आईपेक्षा वरचेच. यावर जे झाले ते मी इथे लिहीत नाही. तीन आठवडे समिती मोडता मोडता राहिली. माझ्या जेवणाची, झोपेची वाट लागली. मी या घरून त्या घरी निरोप पोचवत होतो आणि प्रत्येक घरी मला सांगितले जात होते की मास्तर, तुम्ही समजूतदार आहात.

आणि एके दिवशी मला ती युक्ती सुचली. आजही सांगताना अंगावर काटा येतो, कारण त्या वेळी मला वाटले होते की आयुष्यात यापेक्षा शहाणपणाची गोष्ट मी केली नाही. मी म्हणालो, “वर-खाली कशाला? सगळ्या पाट्या एका रांगेत लावू. एकाच उंचीवर. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि पुरेशा वर, म्हणजे गाडीतून दिसतील आणि कोणाच्या डोक्यावर कोणाचं नाव येणार नाही.”

मग अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. “वा, मास्तर!”

“हे बरोबर हाय,” शेट म्हणाले. “यात कुनी मोठा नाय, कुनी लहान नाय.”

वकीलसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी लोकशाहीचा खरा अर्थ ओळखला आहे असे काहीसे म्हणाले. शेवटच्या पाटीवर समितीची नावे असतील, त्यात तळाशी ‘चिटणीस’ म्हणून माझे, हेही तिथेच ठरले. मला वाटले, वडिलांना गावाहून आणून दाखवीन.

ओव्हरसियरांचे शब्द कोणाला आठवले नाहीत का? आठवले. कोणीतरी म्हणालेसुद्धा की भिंतीला हात लावू नका असे सांगितले आहे. वकील म्हणाले, “हात लावणं म्हणजे पाडणं. आपण भिंत पाडतोय का? आपण तिला सजवतोय.” सर्वांना ते पटले. मला पटले नाही, पण मी माझ्या युक्तीच्या आनंदात होतो. आणि माणसाला आपल्या युक्तीवर कोणी शंका घेतलेली आवडत नाही, मग ती शंका स्वतःचीच का असेना.

दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू झाले. पाट्या जाड होत्या; नुसत्या चिकटवल्या तर पडतील म्हणून त्या भिंतीत बसवायच्या होत्या. प्रत्येक पाटीसाठी हातभर रुंद खाच खोदली. पाट्या एका रांगेत आणि शेजारीशेजारी, म्हणून खाचाही एका रांगेत आणि शेजारीशेजारी. उंची अशी ठरली होती की ती रांग नेमकी तुळयांच्या टोकांखाली आली. ज्या विटांवर सगळे छप्पर टेकले होते, त्याच विटा आम्ही भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरून काढल्या आणि त्या जागी आईवडिलांची नावे घातली. कोणी जाणूनबुजून एखादी भिंत मोडायला निघाला असता तरी त्याला इतकी नेमकी जागा सापडली नसती.

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा बाईंनी पाट्या पाहिल्या. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, थोडी स्तुती ऐकायची वाट बघत.

“आणि छप्पर?” त्या म्हणाल्या.

“अनुदान आलं की लगेच.”

“कधी येणार?”

“संक्रांतीनंतर ओव्हरसियर येतील. मग.”

त्या वर्गात गेल्या. मुली दाराजवळ दाटीने बसलेल्याच होत्या. त्या मिठागराच्या मुलीने उठून त्यांना फळा पुसायचे फडके दिले, आणि बाई शिकवू लागल्या. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. त्रैराशिक चालले होते.

समारंभ झाला. त्याचे वर्णन करायची माझी इच्छा नाही. एवढे सांगतो की मुलींना स्वागतगीत म्हणायला उभे केले होते, बाईंनी ते बसवून घेतले होते, आणि वकीलसाहेबांच्या भाषणात मुलींच्या शिक्षणाला बराच वेळ मिळाला. छपराला एकही वाक्य मिळाले नाही. पाहुण्यांना त्या खोलीत नेले नाही. तिथे छताचे पडलेले लाकूड एका कोपऱ्यात रचून ठेवले होते, ते बरे दिसले नसते.

संक्रांत झाली आणि ओव्हरसियर आले. त्यांनी बाहेरून भिंत पाहिली. बराच वेळ पाहिली. मग आत गेले आणि मुलींच्या खोलीच्या भिंतीवरून हात फिरवला. तुळईच्या टोकाखाली एक बारीक रेघ खाली येत होती. त्यांनी त्यात नख घातले. अध्यक्ष, वकील आणि मी त्यांच्या मागे उभे होतो.

“हे कोणाच्या डोक्यातून आलं?” त्यांनी विचारले.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितले. वकिलांनी माझ्याकडे बघितले. यापूर्वी दोघांनी मिळून एकदाच माझ्याकडे असे बघितले होते, आणि त्या वेळी पाठीवर हात होता.

“सगळ्यांच्या,” मी म्हणालो. त्या दोघांबरोबरच्या सगळ्या काळात मी केलेली ही एकमेव हिंमत, आणि तीही खोटी.

ओव्हरसियर रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, “आता या दर्शनी भागाला मी काम झाल्याचा दाखला देऊ शकत नाही, उलट काम बिघडवल्याचा द्यावा लागेल. ही खोली आजच बंद करा. भिंतीला टेकू द्या. अनुदानाचं पुढच्या वर्षी बघू.”

त्या दुपारी मुलींनी आपली दप्तरे उचलली.

समितीची तातडीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, मुलींना मुलांच्या वर्गात बसवा. वकील म्हणाले, ते लोकांना रुचणार नाही. त्यापेक्षा देवळाच्या ओट्यावर बसवा. बाईंनी पुन्हा उंबऱ्याशी येऊन विचारले की गिरणीचा माळा तीन महिने मिळेल का. अध्यक्ष म्हणाले, हंगामाचे दिवस, पोती कुठे ठेवू? हे ते खरोखर खेदाने म्हणाले. त्यांचा खेद नेहमीच खरा असे, आणि त्यातून कधीच काही निघत नसे.

वर्ग देवळाच्या ओट्यावर भरू लागला. ओटा बाजाराच्या वाटेवर. गाडीवाले, हमाल, मासळी घेऊन आलेली माणसे थांबून मुली काय वाचतात ते ऐकत, कोणी हसत. आठवड्याच्या आत गावाबाहेरच्या मुलींचे बाप शाळा सोडल्याचे दाखले मागायला आले. मिठागराच्या मुलीचा बापही आला. बाई म्हणाल्या, “त्याच्या घरी मी तीनदा गेलेय. चौथ्यांदा गेले तर मला हाकलेल. तुम्ही जा. तुम्ही चिटणीस होतात.”

मी गेलो. खाडीच्या बांधाने जाताना मिठाचे ढीग उन्हात डोळ्यांना टोचत होते. घर कुडाचे, सारवलेले, स्वच्छ. बाप पायरीवर बसला होता. तो उठला, मला आत बसायला घोंगडी दिली. मुलीने पाणी आणले आणि दाराआड उभी राहिली.

“काका, मुलगी हुशार आहे. तीन महिनेच उरलेत.”

“मास्तर, मला काय कलत नाय व्हय? हुशार हाय तं हाय. पन देवलाच्या वट्यावर पोरगी बसवायची? येनारा-जानारा बघतो. आमचा गाव काय म्हनेल? शाला व्हती तवा मी नाय बोललो कंदी.”

“बाईंच्या खोलीवर बसतील. त्या शिकवतील.”

“मुलग्यांना बसायला शाला हाय ना?”

“हो.”

“मंग मुलींना नाय का?”

शाळा होती, आम्ही तिची भिंत सजवली होती. मी घोंगडीची कड सारखी करत राहिलो. त्याने वाट पाहिली, मग समजूतदारपणे मान हलवली. जणू मीच त्याच्या घरी काहीतरी मागायला आलेला गरीब माणूस होतो आणि तो मला वाईट वाटू नये म्हणून जपत होता.

मी निघालो तेव्हा मुलगी बांधापर्यंत आली. बापाने तिला आवाज दिला नाही.

“मास्तर, पुढच्या वर्षी बसता येईल का फायनलला?”

ती शाळेत शिकवलेली भाषा बोलत होती, एकही शब्द गावाकडचा नव्हता. मी म्हणालो, “येईल. पुढच्या वर्षी खोली तयार असेल.”

“मग मी अभ्यास सोडत नाही,” ती म्हणाली आणि परत गेली.

संध्याकाळी मी बाईंच्या खोलीवर गेलो. गावातल्या दोन मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या, बाई त्यांना शुद्धलेखन सांगत होत्या. खोलीत चौथे माणूस बसायला जागा नव्हती, म्हणून मी दारात उभा राहिलो.

“काय म्हणाला?”

“पाठवणार नाही. मुलीला मी सांगितलं, पुढच्या वर्षी बस.”

बाईंनी पुस्तकातून नजर वर काढली. “पुढच्या वर्षी मुलींची सातवी भरणार नाही. काल स्कूल बोर्डाकडून कळवलंय. मुलींची संख्या पुरेशी नाही म्हणून.”

त्या पुन्हा पुस्तकाकडे वळल्या आणि पुढचे वाक्य सांगू लागल्या. मुलींनी माना खाली घातल्या आणि लिहायला लागल्या. मी माघारी वळलो. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खाडीकडे जाऊन त्या मुलीला खरे सांगायला हवे होते. दोन तासांची तर वाट होती. मी गेलो नाही. ती पुढचे किती महिने अभ्यास करीत राहिली, हे मला माहीत नाही.